किल्ली कोणाच्या हातात?

(राजारामपुरीत झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला आपल्या राजारामपुरीत कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहा. एकेका गाडीवर तिघं तिघं निघतात. चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटलेलं नसतं. मुली एकतर मागच्या सीटवर, नाहीतर बसथांब्यावर. आज बोलायचंय ते या दोन्ही गोष्टींबद्दल, कारण त्या एकाच घरातून निघतात.

गाडी शिकण्याच्या पायऱ्या आपल्या कायद्यात आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, तीही पालकाच्या लेखी संमतीने. (ही सही बापाचीच हवी असं कायदा म्हणत नाही, मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीची हवी.) बाकी दुचाकी आणि मोटार अठरानंतर. आधी सहा महिन्यांचं लर्निंग लायसन. ते मिळून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा नाही. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, आणि सोबत पक्कं लायसन असलेली, शिकवणारी व्यक्ती. मैत्रिणीला मागे बसवून फिरायचं नाही.

कायदा आला तेव्हा रस्त्यावर लुना होती. १९७२ साली आलेली ती ५० सीसीची गाडी आपल्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई चालवत. आज दुकानातली पेट्रोलची स्कूटर ५० सीसीच्या वरचीच असते. म्हणजे सोळा ते अठराची पायरी कागदावर उरली, तिच्यावर चढायला गाडीच नाही. विजेच्या ज्या गाड्या ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि २५० वॅटच्या आत आहेत, त्यांना लायसन लागत नाही. पण घरोघरी ‘विजेच्या गाडीला लायसन नको’ असं सरसकट म्हणतात, ते चूक आहे.

न्यूझीलंडने १९८७ साली असं टप्प्याटप्प्याचं लायसन आणलं, अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये. न्यूझीलंडमध्ये मधल्या टप्प्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर दोस्तांना गाडीत घेता येत नाही. नवशिक्याला रात्री आणि टोळक्यात धोका जास्त, म्हणून. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथली रात्रीची बंदी मुलग्यालाही आहे, आणि तिला शेवट आहे. आपल्याकडे सातच्या आत घरात हा नियम फक्त मुलीला, आणि तिची परीक्षा कधी होतच नाही.

आमच्या केंद्रावर एक बाई आल्या होत्या. डबे करून देतात. बचत गटाच्या कर्जातून डब्यांसाठी स्कूटर घेतली, कागद त्यांच्या नावावर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली दिली वडिलांनी. “बाप्या माणूस हाय, शिकंल की!” पोराने एका आजोबांना धडक दिली, त्यांचा पाय मोडला. गाडी कोणाची? बाईंची. ठाण्यात त्या एकट्या बसून होत्या.

१ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९-अ हे कलम आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. तुमची संमती होती असं कोर्ट धरून चालतं. नव्हती, हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय बिनलायसनवाल्याच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. ‘बाईच्या नावावर गाडी’ ऐकायला बरं वाटतं. पण किल्ली खुंटीला, आणि खुंटी नवऱ्याची, तर आपल्या वाट्याला फक्त कागद आणि खटला.

आता दुसरी बाजू. वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली एक मुलगी. तिचं लर्निंग लायसन दोनदा संपलं. गाडी दारात आहे, पण भाऊ देत नाही, म्हणतो, पाडशील. त्या भावाने स्वतः लायसन काढलेलं नाही! शिरोली एमआयडीसीत तिला हिशेबाचं काम मिळत होतं, सुटायला साडेसात. घरचे म्हणाले, येणार कशी? काम गेलं. ते तीस दिवस तिला कुणी दिले असते, तर आज ती पगार आणत असती.

एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग मोठा. पण शेवटच्या बसनंतर काय, हा प्रश्न राहतोच.

म्हणून काम असं ठरवलंय. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा मुलींचा सराव. लर्निंग लायसनवाल्या पाच मुली तयार आहेत. त्यांच्या मागे बसायला पक्कं लायसन असलेल्या बायका हव्यात. मघाशी विचारलं तर दोनच हात वर झाले, आणि बाहेर गाड्या मोजल्या तर अकरा लागल्यात. ज्यांचं लायसन नाही त्यांनीही नाव द्या, पण शिकणाऱ्यांच्या यादीत. हेल्मेट प्रत्येकीने आपापलं आणायचं. आणि मुलांच्या आयांनो, किल्ली आज रात्रीपासून तुमच्या पर्समध्ये.