शेजारच्या बा

शेजारच्या बा गेल्या महिन्यात गेल्या. आम्ही कारखान्यातल्या नोकरीसाठी हजीऱ्यात आलो. त्यांचं शेत कारखान्यासाठीच गेलेलं. तरी त्यांनी आम्हाला परकं मानलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला महापूर आला, तेव्हा आमचं बिऱ्हाड त्यांच्याच माडीवर होतं. खिचडी-कढी आधी माझ्या मुलांना, मग त्यांच्या नातवंडांना! होळीला मात्र आमच्या आईचीच पुरणपोळी हवी. (वेढमी त्यांनाही उत्तम येई, तो भाग वेगळा.)

त्यांच्या नातवाचा नोकरीचा अर्ज अजून पडून आहे. 'भूमिपुत्र' म्हणून आपण महाराष्ट्रात भांडलो. इथे भूमिपुत्र ते आहेत. मंडळाच्या निवेदनात जमीन गेलेल्यांच्या नोकरीची मागणी पहिली असावी, अशी सूचना मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?