फडक्यातली भाकर

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. मला शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. मी आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली, त्यामुळे त्यावर तासभर बोलता येईल. पण आज मी फक्त माझ्या शाळेच्या डब्याची हकीगत सांगणार आहे. डबा म्हणते खरी, पण आमच्या घरी डबा नव्हता. जुन्या लुगड्याचे फडके होते आणि त्यात बांधलेली भाकर होती.

माझे गाव मराठवाड्यातले. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी चौथीत होते. माय पहाटे उठून भाकरी थापायची, माझ्या आणि दादाच्या वाटची एक भाकर फडक्यात बांधायची आणि खडी फोडायच्या कामावर जायची. भाकरीवर ठेचा, कधी कांदा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघे शाळेमागच्या लिंबाखाली भिंतीकडे तोंड करून जेवायचो. भाकर लाल असायची. त्या काळात रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळत असे. ती कोणाला दिसू नये असे मला वाटायचे.

ठेचा खाल्ल्यावर पाणी लागतेच. शाळेच्या ओट्यावर रांजण होता, पण आम्ही त्याला हात लावायचा नव्हता. कोणी वरून ओतले तर ओंजळीने प्यायचे, नाही तर तसेच वर्गात जाऊन बसायचे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ४५ वर्षे झाली होती. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, १९५५ साली कायदाही झाला होता. आमच्या शाळेच्या रांजणापर्यंत त्यातले काही पोचले नव्हते.

एके दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी लिंबाखाली आली. चांगल्या शेतीवाडीच्या घरची. तिने डबा उघडला, तर तिचीही भाकर लाल! ती म्हणाली, "तुझीपण लालच का गं?" आम्ही दोघी हसलो. विहिरी आटल्या होत्या, पिके गेली होती. मोठ्या घरांतही मिलोच आली होती. त्या दिवशी मी प्रथमच भिंतीकडे पाठ करून जेवले.

जेवण झाल्यावर तिने रांजणातले पाणी घेतले, ती प्यायली आणि सहज पेला माझ्या हातात दिला. मीही प्यायले. ते कोणीतरी पाहिले. शाळा सुटायच्या आत तो रांजण आमच्या डोळ्यांदेखत अंगणात उपडा केला गेला. बायका घागरभर पाण्यासाठी कोसभर चालत होत्या, अशा दिवसांत! तो ओघळ लिंबापर्यंत गेलेला मला अजून दिसतो.

रात्री मी मायला म्हटले, "उद्यापासून मी शाळेत जायची नाही." तिच्या हाताला फोड आले होते. ती रागावली नाही. म्हणाली, "पाणी त्यांनी सांडलं, शाळा तू कशाला सोडतीस?" दुसऱ्या दिवशी फडक्याबरोबर औषधाची एक रिकामी बाटली, स्वच्छ धुऊन, पाण्याने भरून दिलेली होती.

मुलांनो, सर्वांच्या घरी एकच भाकर आली म्हणून समता आली नाही, हे मी चौथीत शिकले. आज शाळेतच जेवण मिळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशात, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असेही सांगितले. न्यायालयाला हे का सांगावे लागले, याचा विचार करा.

संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीत आपल्या भागातल्या शाळेत जा. भांडायला नव्हे, पाहायला. मुले एका पंगतीत बसतात का? पाणी स्वतःच्या हाताने घेतात का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीत आपली माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, गेल्या पाहिजेत.

आणि विद्यार्थ्यांनो, आपल्या डब्याची लाज धरू नका, दुसऱ्याच्या डब्याला नावे ठेवू नका. वर्गातले कोणी भिंतीकडे तोंड करून जेवत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. माझ्या मैत्रिणीने ते केले. रांजण उपडा झाला, घरी तिला मार बसला, तरी ती दुसऱ्या दिवशी लिंबाखाली आली आणि माझ्या बाटलीतले पाणी मागून प्यायली.

 जय भीम.