जीवाणूच्या पेशीत केंद्रक का नसते?

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



मी भाषेची शिक्षिका. तरी आज विज्ञानातला एक प्रश्न घेते, कारण महाराष्ट्राबाहेरच्या या शाळेत प्रवेश घेताना पालक हमखास विचारतात, "विज्ञान मराठीतून जमेल ना?"

जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसते, असे पाठ्यपुस्तक सांगते. का नसते? उत्तराचा धागा आपल्या परिभाषेतच आहे. अशा पेशीला आपण 'आदिकेंद्रकी' म्हणतो. आदि म्हणजे आरंभीची. जीवाणूंनी केंद्रक गमावलेले नाही. ते अवतरले तेव्हा केंद्रकच अस्तित्वात नव्हते. सूक्ष्मजीवांच्या खुणा सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. केंद्रक असलेल्या, म्हणजे दृश्यकेंद्रकी पेशी त्यानंतर अब्जाहून अधिक वर्षांनी आल्या.

मग जीवाणूंचे काही अडते का? आपल्या आतड्यातील ई. कोलाय घ्या. पेशीची लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर. आतला डीएनए उलगडला तर सुमारे दीड मिलिमीटर! हा धागा पिळून, दुमडून पेशीच्या एका भागात ठेवलेला असतो. भोवती आवरण मात्र नाही. त्यामुळे डीएनएवरून संदेश उतरत असतानाच रायबोझोम त्यानुसार प्रथिन बांधू लागतात. अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकीच्या दोन होणाऱ्या पेशीला ही तत्परता साजेशीच आहे.

आपल्या पेशींत उतरलेल्या संदेशाची आधी काटछाट व्हावी लागते. ती संथ असते. कच्चा संदेश वाचला गेला तर प्रथिन बिघडेल. हे टाळण्यासाठी केंद्रकाचे आवरण निर्माण झाले असावे, असे गृहीतक विल्यम मार्टिन आणि यूजीन कूनिन यांनी 2006 मध्ये मांडले. म्हणजे खरा प्रश्न असा : आपल्याला केंद्रक का लागले?

इथवर येताना मराठी कुठे आडवी आली? पुढे महाविद्यालयात 'प्रोकॅरिऑट' हा शब्द भेटेल. ग्रीक मुळांतून आलेल्या त्या शब्दाचा अर्थही 'केंद्रकापूर्वीचा' असाच. ज्याला आशय कळला, त्याला नवा शब्द परका वाटत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण प्रयोगशाळांत, रुग्णालयांत काम करता. वर्षातून एक तास वर्गावर या. पालकहो, मुलांच्या 'का?'ला घरच्या भाषेत उत्तर शोधा. शाळेला याहून मोठी भेट नको.



— मुख्याध्यापिका (एम. ए., बी. एड.)