वाचनाचा पाया : पटनोंदणीपासून आकलनापर्यंत



प्राथमिक शाळेतील पटनोंदणी हा आता देशापुढील मुख्य प्रश्न राहिलेला नाही. ‘असर’ 2024 या पाहणीनुसार ग्रामीण भागातील 6 ते 14 वयोगटातील 98.1 टक्के मुलांची नावे शाळेत दाखल आहेत. परंतु शासकीय शाळांतील तिसरीच्या केवळ 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हे प्रमाण 2018 मध्ये 20.9 टक्के होते आणि कोविडकाळानंतर, 2022 मध्ये, 16.3 टक्क्यांपर्यंत घसरले होते. सुधारणा झाली आहे; ती पुरेशी मात्र नाही.

काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ओळखण्यातच लक्ष खर्ची पडले, तर वाक्याचा अर्थ निसटतो. चौथीपासून सर्वच विषय पुस्तकातून शिकावयाचे असल्याने असे मूल प्रत्येक विषयात मागे पडते. वर्ग पुढे सरकतो, मूल तेथेच राहते आणि त्याच्या शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचे फलित घटत जाते.

यावर उपाय कोणता? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात 2005–06 मध्ये स्वयंसेवकांनी गावोगावी वाचनवर्ग चालविले. वर्गांना आलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट प्रगती झाली. परंतु गावातील फारच थोडी मुले तेथे आली. पुढे 2012–13 मध्ये हरियाणातील शासकीय शाळांनी रोजच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेनुसार नव्हे, तर वाचनाच्या पातळीनुसार पाडले गेले. परिणामी मुलांचे हिंदी वाचन सुधारले. पद्धत साधी होती; ती शाळेच्या वेळेत व शिक्षकांच्या हातून राबविली गेली, हे महत्त्वाचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे. ऐकलेला शब्दच डोळ्यांना लवकर ओळखू येतो, हे त्यामागील तत्त्व होय. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026–27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

हे उद्दिष्ट केवळ पुस्तके पुरवून साध्य होणार नाही. मूल आज कोठे आहे हे तपासणे, तेथूनच शिकविणे आणि त्यासाठी रोज निश्चित वेळ देणे, ही त्रिसूत्री आवश्यक आहे. शिक्षणावरील खर्चाचे मोजमाप हजेरीपटावरून न होता मुलाच्या वाचनावरून व्हावयास हवे.