यजमान, पाहुणा आणि ग्राफिक्स कार्ड

एका संगणकाच्या पोटांत दुसरा आभासी संगणक चालवितां येतो. परंतु त्या पाहुण्यास खरें ग्राफिक्स कार्ड सोंपवावयाचें, तर प्रश्न विश्वासाचा येतो. कार्ड प्रोसेसरला न विचारतां थेट स्मृतींत लिहितें; मोकळें सोडल्यास तें यजमानाचीच स्मृति बिघडवील. म्हणून मध्यें आयओएमएमयू नांवाचा पहारेकरी लागतो. प्रथम बायॉसमध्यें तो जागा करावा. मग त्याचे गट पाहावेत. एका गटांतलीं उपकरणें यजमान व पाहुणा यांच्यांत वांटतां येत नाहींत. लिनक्सनें २०१२ मध्यें, ३.६ व्या आवृत्तींत, व्हीएफआयओ ही व्यवस्था स्वीकारली. नेहमींच्या ड्रायव्हरनें कार्ड धरण्यापूर्वींच तिनें तें ताब्यांत घ्यावें, हें उत्तम. मात्र कार्ड एकच असेल, तर यजमानाचा पडदा काळा होतो. दान करण्यापूर्वीं घरांत दुसरें आहे ना, एवढें पाहावें.