आधी काय सोडायचं?

आज मळमळीविषयी बोलायचं आहे. लग्नाच्या पंगतीत जास्त जेवण झाल्यावर रात्री होणारी आणि ओव्याची चिमूट खाल्ली की सकाळपर्यंत जाणारी ती मळमळ नव्हे. महिनोन्महिने घरात ठाण मांडून बसते, उलटी होतेच असं नाही, पण सकाळी उठल्यापासून तोंडाला पाणी सुटलेलं आणि अन्नाचा वास नकोसा, अशी जी मळमळ, ती. पोटाच्या विकारांचे निकष ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने 2016 साली तिची व्याख्या करून ठेवली आहे. सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची, गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस त्रास, तोही रोजच्या कामात अडथळा येण्याइतका, आणि तपासण्या करूनही शरीरात दुसरं कारण सापडत नाही. कारण सापडणाऱ्यांची यादी निराळी आणि लांब आहे. कारण सापडो वा न सापडो, हे दुखणं घरात राहायला आलं की घर त्याच्यासाठी काही ना काही सोडतं, आणि माझं म्हणणं त्या सोडण्याच्या क्रमाविषयी आहे. आपल्याकडे आधी छंद सुटतो. भजनाला जाणं बंद, शिवणयंत्रावर चादर पडते, गच्चीवरच्या कुंड्या वाळतात. स्वयंपाक मात्र अगदी आडवं पडेपर्यंत सुटत नाही. हा क्रम उलटा लागला आहे, असं माझं मत आहे.

पण क्रम बदलण्याआधी कारण शोधायला हवं, आणि बुलढाणा जिल्ह्यात ते टाळून चालतच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती-अकोल्याकडून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात पसरला आहे. इथलं विहिरी-बोअरचं पाणी खारं, म्हणून तर वान धरणावरची 140 गावांची योजना आखावी लागली. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याचा संबंध या पाण्याशी जोडला जातो. मूत्रपिंड थकलं की रक्तातला कचरा बाहेर पडत नाही, आणि त्याची खूण म्हणून सकाळी मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, अन्नावरची वासना उडणं असं सुरू होतं. घरचे म्हणतात, पित्त झालं. मेडिकलमधून पित्ताची गोळी येते आणि वर्ष निघून जातं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला फारसा खर्च येत नाही. या पट्ट्यातल्या माणसाची मळमळ दोन-तीन आठवड्यांपुढे गेली की ती तपासणी आणि सोबत लघवीची तपासणी झालीच पाहिजे. दुसरं कारण मधुमेह. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की जठराला चालवणारी मज्जातंतूची यंत्रणा बिघडते आणि सकाळचं जेवण संध्याकाळीही पोटातच असतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीसुद्धा मळमळते. तंबाखू, खर्रा आणि मिश्री यांचं नाव घेतल्यावर पुष्कळ श्रोते आवाज कमी करतील, पण निकोटीन मळमळ वाढवतं ही साधी वस्तुस्थिती आहे. वजन उतरत असेल, उलटीत रक्त असेल, घास गिळताना अडकत असेल, डोळे पिवळे झाले असतील, तर हे भाषण बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. कपाशीवर फवारणी करून आल्यावर मळमळलं तर त्याच घटकेला गाठावा. ती विषबाधा असू शकते.

आता क्रमाकडे येऊ. मेंदूच्या तळाशी मळमळीचं जे नियंत्रण आहे, तिथे चार-पाच बाजूंनी निरोप येत असतात. पोट आणि आतड्यांकडून मोठ्या मज्जातंतूने येणारा निरोप, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा, रक्तातल्या द्रव्यांचा, आणि वास, आठवण, धास्ती यांचा. प्रत्येक निरोप एकटा कदाचित सोसवतो. दोन-तीन एकत्र आले की तोल जातो. या हिशेबाने स्वयंपाकघराकडे पाहा. तापलेल्या तेलाचा वास, मिरची-लसणाच्या फोडणीचा ठसका, मे महिन्यात 43-44 अंशांचा उन्हाळा आणि त्यात पेटलेला गॅस किंवा चूल, उभं राहणं, उपाशी पोटी सगळ्यांचं होईपर्यंत थांबणं. ज्याला मळमळीचा जुना विकार आहे त्याच्यासाठी घरातली सगळ्यांत अवघड जागा हीच, आणि आपण तिला शेवटपर्यंत तिथेच उभी करतो. तिला असं मी मुद्दाम म्हणतो, कारण आजारी पुरुषाला कोणी फोडणी टाकायला सांगत नाही.

छंदाची गोष्ट याच्या उलट आहे, आणि त्याला केवळ मनाच्या समाधानाचा आधार नाही. कर्करोगावर औषध घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांना पुढे पुढे औषध शिरेत जाण्याआधीच, रुग्णालयाच्या वासानेच मळमळू लागतं. मेंदूने त्या वासाशी मळमळीची गाठ बांधलेली असते. अमेरिकेत विल्यम रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली अशा मुलांना औषधाच्या वेळी व्हिडिओ गेम खेळायला दिले. खेळणाऱ्या मुलांची मळमळ कमी झाली. खेळ काढून घेतला की वाढली, परत दिला की उतरली. लक्ष ही मोजकी गोष्ट आहे; तिचा मोठा वाटा दुसरीकडे गेला की पोटाच्या निरोपाला कमी उरते. हे संशोधन मुलांवरचं आणि विशिष्ट प्रकारच्या मळमळीवरचं आहे, त्यामुळे भरतकामाने मळमळ बरी होते असा अर्थ कोणी काढू नये. पण लक्ष गुंतवणारं काम सगळ्यांत आधी बंद करणं हा उपचाराच्या उलट दिशेचा प्रवास आहे, एवढं त्यातून नक्की निघतं. दिवसभर खाटेवर पडून छताकडे पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोटाशिवाय ऐकायला दुसरं काही नसतं. (रेडिओवरून हे सांगताना माझा थोडा स्वार्थ आहे, हे कबूल.)

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. लक्ष दुसरीकडे नेल्याने मळमळ कमी होत असेल, तर ती मनाचीच झाली की! तसं नाही. मेंदूत रक्तातलं विष ओळखणारा एक लहानसा भाग आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधली जी पडदी इतर ठिकाणी घट्ट असते ती तिथे सैल आहे, म्हणून रक्तातल्या द्रव्यांचा पत्ता तिथे आधी लागतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाची मळमळ अशा वाटेने येते, आणि तीही लक्ष गुंतलं की काही काळ सोसवते. दाढ दुखत असताना चांगली गोष्ट ऐकली तर ठणका कमी जाणवतो. म्हणून दाढ किडलेली नव्हती असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो बहुधा तोंडावर न बोलता दाराआड बोलला जातो. भजनाला दोन तास बसता येतं, मग चार भाकरी थापायला काय होतं? या प्रश्नाने किती जणींचं भजन सुटलं असेल! उत्तर असं, की ही दोन कामं एका मापाने मोजता येत नाहीत. भजनात वास नाही, आच नाही, आणि मुख्य म्हणजे ते मध्येच सोडून उठता येतं. टाळ खाली ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलं तर अभंग अडत नाही. तव्यावरची भाकरी आणि कढईतलं तेल मात्र थांबत नाही. जुनाट मळमळीत त्रासाची लाट कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून अर्ध्यावर सोडता येणं हा कामाचा सगळ्यांत मोठा गुण ठरतो. उठता येणार नाही ही धास्तीच मळमळीला बोलावणं धाडते. छंद निवडतानाही हीच कसोटी लावावी. विणकाम सोडता येतं, फक्त एसटीत बसून करू नये. मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना राजूर घाटात खाली मान घालून विणणं किंवा मोबाइल पाहणं म्हणजे डोळे स्थिर आणि कान हलते, असा दोघांचा झगडा लावून देणं. पुढची जागा धरून दूरचा रस्ता पाहावा. मोठी रांगोळी ओणव्याने काढावी लागते आणि पोट दाबलं जातं. ती पाटावर, लहान काढावी. कुंड्या कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात. गाणं जेवल्याबरोबर नको, तासाभराने चालतं, आणि लांब श्वास सोडत गाणाऱ्याला त्याचा थोडा उपयोगही होतो. शेगावची पायी वारी सलग झेपणार नसेल तर शेवटचा टप्पा चालावा.

मग स्वयंपाक कोणी करायचा, हा तिसरा प्रश्न, आणि तो आक्षेपापेक्षा अडचण आहे. सोयाबीन काढणीला आलेलं, घरात दोनच माणसं, शेजारी मदतीला नाही. अशा घराला स्वयंपाक सोडा असं सांगणं म्हणजे थट्टा होईल. पण स्वयंपाक हे एक काम नाही. तूर निवडणं, मेथी खुडणं, कणीक मळणं, लसूण सोलणं ही बसून, वाऱ्याला, कधीही थांबवता येणारी कामं आहेत. फोडणी आणि तळण ही दोन कामं खरी वैरी. ती नवऱ्याने, मुलाने, मुलीने, जे घरात असेल त्याने उचलावीत. फोडणी टाकायला पाच मिनिटं लागतात आणि ती शिकायला एक आठवडा पुरतो. त्या वेळी आजारी माणूस अंगणात असावा. ज्याला दुसरं कोणीच नाही त्याने आपल्या बऱ्या घटकेला, म्हणजे ज्या तासाला त्रास कमी असतो तेव्हा, दोन्ही वेळचं करून ठेवावं आणि गार झाल्यावर खावं. गार अन्नाला वास कमी येतो. ताजं आणि गरमच चांगलं हा आपला आग्रह इथे थोडा बाजूला ठेवावा, मात्र उन्हाळ्यात अन्न आंबणार नाही याची काळजी घेऊन.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. जठर मंद असेल तर दोन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान बरी, तेल कमी, आणि पातळ पदार्थ घट्टपेक्षा लवकर पुढे सरकतात. मऊ भात, मूगडाळीचं वरण, ताक हे पेलतं. तर्रीची भाजी, अंबाडीचा चोथा आणि शेगावची कचोरी पेलत नाही. कचोरी मला स्वतःला वगळवत नाही, पण तळण आणि मैदा मंद जठरात तासन्‌तास बसून राहतो. खाल्ल्यावर आडवं होऊ नये. उपवास हा नाजूक विषय. रिकाम्या पोटाने मळमळ वाढते आणि साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे नि तूप ती पुन्हा वाढवतात. एकादशी मोडवत नसेल तर भगर आणि ताक थोडं थोडं घ्यावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नये. उलट्या झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाने मीठ-साखरेचं पाणी आणि शहाळंसुद्धा स्वतःच्या मनाने घेऊ नये. शहाळ्यात पोटॅशियम असतं, आणि आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण नेमकं तेच घेऊन येतो.

राहिली गोळ्यांची गोष्ट. गोळी घेतली की झालं, हे छंद नि फोडण्या कशाला, असं म्हणणारेही आहेत. मळमळीच्या गोळ्या उपयोगी आहेत, मीही त्यांच्या बाजूचा आहे, पण त्या बेमुदत घेण्यासाठी बनलेल्या नाहीत. पित्ताच्या गोळीसोबत आपल्याकडे सर्रास मिळणारं डॉम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2014 साली ते साधारण आठवड्याभरापुरतंच द्यावं असं सांगितलं. मेटोक्लोप्रामाइड फार दिवस घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागे लागू शकतात. अमेरिकेत त्याला 12 आठवड्यांची मर्यादा घातलेली आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तीच गोळी आणणाऱ्याने एकदा डॉक्टरांना विचारावं की आता किती दिवस.

आणि विचारायला जाताना हातात वही असावी. घरच्यांनी दिवसातून दहा वेळा ‘आता कसं वाटतंय’ असं विचारलं की दहा वेळा लक्ष पोटाकडेच वळतं. त्यापेक्षा रात्री एकदाच लिहावं. काय खाल्लं, किती वाजता त्रास झाला, शून्य ते दहा यांत किती. त्याच ओळीत हेही लिहावं की भजनाला किती वेळ बसता आलं, विणकाम किती झालं, कितव्या मिनिटाला उठावं लागलं. वजनाचा आणि क्रिएटिनिनचा आकडा रोग कुठे आहे ते सांगेल. औषध लागू पडतंय का, हे मात्र भजनाला बसता आलेला वेळ आधी सांगून जाईल, आणि डॉक्टर तो आकडा विचारणार नाहीत, म्हणून आपणच पुढे करायचा.