नऊ महिने कोणी मोजायचे?

(चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आज १२ जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेमुळे आपले सारे गाव सिद्धरामेश्वरांच्या उत्सवात रंगलेले आहे. आज राजमाता जिजाऊंची जयंती आहे आणि स्वामी विवेकानंदांचीही. परंतु सोलापूरकरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे आपल्या गावचे चार सुपुत्र फासावर गेले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच हे गिरणगाव पेटून उठले. गोळीबारात तरुण शंकर शिवदारे पडला. तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमल या शहरातून नाहीसा झाला आणि मग १२ मेपासून ३० जूनपर्यंत येथे लष्करी कायदा पुकारला गेला. हा इतिहास आपणांस ज्ञात आहे, म्हणून मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. आज मला बोलायचे आहे ते एका गाण्याविषयी.

आपल्या सोलापूरचे कवी कुंजविहारी, म्हणजेच हरिहर गुरुनाथ कुलकर्णी, यांची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही कविता माझ्या पिढीने आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली. फाशीची शिक्षा झालेला तरुण आपल्या आईचे सांत्वन करतो आहे, एवढाच त्या गीताचा प्रसंग. तू शोक करू नकोस, मी पुन्हा जन्म घेऊन येतो, अशी त्याची ग्वाही. लहानपणी मला वाटे, हे गाणे आपल्या चार हुतात्म्यांवरच लिहिलेले आहे. शाळेतल्या निबंधात मी तसे ठोकूनही दिले होते. गुरुजींनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि विचारले, “कशावरून?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. गाणे मनाला भिडले की ते आपल्याच अंगणातले वाटू लागते. हा गाण्याचा गुण आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पुढे पत्रकारितेत आल्यावर ती लाल रेघ मला फार उपयोगी पडली.

एक प्रसंग

तरीही या गाण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. आज ती सांगण्याचे धाडस करतो.

१९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. त्यानंतर काही काळाने सीमेवर धारातीर्थी पडलेल्या एका जवानाच्या गावी श्रद्धांजलीची सभा होती. मी तेव्हा नवखा वार्ताहर होतो. वृत्तांकनासाठी गेलो आणि आग्रहामुळे बोलायला उभा राहिलो. बोलण्याच्या भरात मी याच कवितेचा आधार घेतला आणि त्या वीरमातेकडे पाहून म्हणालो की, आपला पुत्र गेलेला नाही, तो पुन्हा येणार आहे. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मी पाया पडण्यासाठी जवळ गेलो, तेव्हा त्या माउलीने माझा हात धरून अगदी शांतपणे विचारले, “बाळा, नऊ महिने कोणी मोजायचे? आणि तो आला तर मी त्याला ओळखू कशी?”

मी निरुत्तर झालो. त्यानंतर कित्येक वर्षे मी ते गाणे कोणत्याही व्यासपीठावरून उच्चारले नाही. मात्र त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. श्रद्धा आणि युद्ध या दोहोंविषयी बोलणाऱ्या गीतांचा अर्थ कसा लावायचा, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

गीतेपासून पंढरीपर्यंत

श्रद्धा आणि रण यांची सांगड घालणारे आपल्याकडचे सर्वांत थोर गीत म्हणजे श्रीमद्भगवद्गीता. ती सांगितली गेली तीच मुळी रणांगणावर. जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी धारण करतो त्याप्रमाणे आत्मा नवा देह घेतो, हा तिच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त घरोघरी ठाऊक आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या कारागृहात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि गीतेतून कर्मयोग काढून दाखविला. गांधीजींनी त्याच गीतेतले कुरुक्षेत्र मानवी अंतःकरणात पाहिले. ग्रंथ एक, वाचक दोन, आणि दोघांनीही त्यातून देशकार्याचेच बळ घेतले. येरवड्याच्याच तुरुंगात १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर हरी चाफेकर फासावर चढले, तेव्हा त्यांच्या हाती गीता होती.

तेव्हा कुंजविहारींच्या नायकाची श्रद्धा गीतेतून आली, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु येथे एक अडचण आहे. आपल्या तत्त्वज्ञानात पुनर्जन्म हे सांत्वन नाही, ते बंधन आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे म्हणजे मोक्ष. मग हा तरुण सुटकेच्या उंबरठ्यावर उभा असताना पुन्हा गर्भवासाची गोष्ट आनंदाने का करतो?

याचे उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात, पंढरीच्या वाटेवर सापडले. मुक्ती नको, पुन्हा गर्भवासात घातलेस तरी चालेल, पण तुझे नाम आणि संतांची संगती दे, असे मागणे तुकोबांनी विठ्ठलापाशी मागितले आहे. ज्याला भक्तीची गोडी लागली त्याला वैकुंठाचीही मातबरी वाटत नाही, हा वारकऱ्यांचा विलक्षण हट्ट आहे. कुंजविहारींचा तरुण त्याच हट्टाचा वारस आहे. त्याने केवळ विठ्ठलाच्या जागी मातृभूमी पाहिली. म्हणून या गाण्याला मी युद्धगीत म्हणण्याआधी भक्तिगीत म्हणतो.

याच तुकोबांनी पाईकाचे अभंगही लिहिले आहेत. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. धन्याचे काम जिवावर उदार होऊन करणारा, चोरट्यांपासून वाट राखणारा, वेतनासाठी कुरकूर न करणारा हा शिपाई तुकोबांना भक्तासारखा दिसला. हे अभंग शिवरायांच्या मावळ्यांना उद्देशून होते, असे परंपरा सांगते. कोणी म्हणतात, त्यात केवळ रूपक आहे. मला वाटते, भांडणाचे कारणच नाही. ज्या काळात गावोगावचे पाईक खरोखरच लढत होते, त्या काळात कवीने शिपायाचे रूपक वापरले, तर ते ऐकणारा भक्त शिपायाचा मान राखायला शिकतो आणि ऐकणारा शिपाई आपल्या कामाला भक्तीचे मोल आहे, हे जाणतो.

बंगालचे गाणे

आता त्या माउलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो आला तर ओळखू कशी?

११ ऑगस्ट १९०८ रोजी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात खुदीराम बोस फाशी गेले. त्यांच्यावर बंगालमध्ये एक लोकगीत रचले गेले. पीतांबर दास यांच्या नावे ते ओळखले जाते आणि आजही तेथील खेड्यापाड्यांत गायिले जाते. त्यातही मुलगा आईचा निरोप घेतो. दहा महिने आणि दहा दिवसांनी मी मावशीच्या घरी जन्माला येईन, असे तो म्हणतो. आणि तेव्हा तू मला ओळखले नाहीस, तर माझ्या गळ्यावर फासाची खूण आहे का ते पाहा, असेही सांगतो.

बंधू-भगिनींनो, सोलापूर कोठे आणि मिदनापूर कोठे! भाषा वेगळी, चाल वेगळी. महिन्यांचा हिशेबही वेगळा. मात्र आईला धीर देण्याची रीत एकच. लंडनमध्ये १७ ऑगस्ट १९०९ रोजी फासावर गेलेल्या मदनलाल धिंग्रांनीही आपल्या अखेरच्या निवेदनात, त्याच मातेच्या पोटी पुन्हा जन्म घेऊन त्याच कार्यासाठी मरण यावे, हीच इच्छा व्यक्त केली होती. या देशाची एकता शोधायला कित्येकदा राज्यघटनेच्या कलमांपर्यंतही जावे लागत नाही, ती अशा गाण्यांतून सापडते.

त्या बंगाली गीतात मला एक शब्द महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे मावशी. मुलगा आईच्याच पोटी येईन असे म्हणत नाही, मावशीच्या घरी येईन म्हणतो. म्हणजे यापुढे आईने आपल्या घरापलीकडे पाहायचे आहे. शेजारच्या पाळण्यात, दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या जातीच्या घरात जन्मलेले मूल कदाचित तिचेच असेल. हा अर्थ मनात ठेवून कुंजविहारींचे गीत पुन्हा ऐकले की ते एका घराचे उरत नाही.

चौथ्या हुतात्म्याचा प्रश्न

येथे कोणी विचारील, कुर्बान हुसेनांचे काय? ‘गझनफर’ या पत्राचे संपादक असलेले हे तरुण इतर तिघांबरोबर त्याच दिवशी फासावर गेले. त्यांच्या धर्मात पुनर्जन्माची कल्पना नाही. मग हे गाणे त्यांचे नव्हे काय? १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादला फाशी गेलेल्या अश्फाकउल्ला खान यांच्या तोंडी एका हिंदी कवितेत नेमकी हीच खंत घातलेली आहे. माझे हिंदू मित्र पुन्हा जन्म घेऊ म्हणतात, मला तसे म्हणता येत नाही, परंतु ईश्वर भेटलाच तर स्वर्गाच्या बदल्यात मी एक जन्म मागेन, असा तिचा आशय. ती कविता प्रत्यक्ष त्यांची नसून नंतरच्या कवीची असल्याचे अभ्यासक सांगतात. गुरुजींच्या लाल रेघेला स्मरून मी हे मुद्दाम नमूद करतो. तरीही ती लोकांना खरी वाटली, कारण तिने योग्य प्रश्न विचारला. एकाच दोरखंडाला सामोऱ्या गेलेल्या माणसांत सिद्धान्ताचे अंतर असेल, पण निश्चयाचे नव्हते. आपल्या चौकात चार पुतळे एकत्र उभे आहेत, त्याचा अर्थ हाच.

नऊ महिने

आता राहिला पहिला प्रश्न. नऊ महिने कोणी मोजायचे?

या गाण्यातले शब्द मुलाच्या तोंडी आहेत, हे मी त्या सभेत विसरलो होतो. जो स्वतः फासाकडे निघाला आहे, त्यालाच आईला ‘रडू नकोस’ म्हणण्याचा अधिकार आहे. सभा संपल्यावर घरी जाऊन जेवणाऱ्या वक्त्याला तो नाही. तीन पुत्र फासावर दिलेल्या चाफेकरांच्या मातोश्रींना भेटायला भगिनी निवेदिता गेल्या, तेव्हा त्या माउलीच्या धैर्याने त्याच विस्मित झाल्या, असे सांगतात. ते धैर्य वंदनीय आहे. पण म्हणून प्रत्येक वीरमातेने आपल्यासमोर कोरड्या डोळ्यांनी उभे राहावे, अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. श्रद्धेची गीते मरणाऱ्याला बळ देण्यासाठी असतात, मागे राहिलेल्यांचे रडे दाबण्यासाठी नव्हेत.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे एकच सांगणे आहे. हे गीत अवश्य गा, मुलांना शिकवा, त्याचा अर्थ समजावून द्या. पण आपल्या तालुक्यात एखाद्या जवानाचे पार्थिव तिरंग्यात लपेटून आले, तर सभेनंतर ते घर विसरू नका. पहिल्या महिन्यात गर्दी असते. दुसऱ्या महिन्यात कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे खेटे सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दारात कोणी फिरकत नाही. तेव्हा दरमहा एकदा त्या घरी जा. चहा घ्या, अर्ज लिहून द्या, लहानग्यांचा अभ्यास पाहा, आणि काही सुचले नाही तर नुसते बसून या. नऊ महिन्यांत नऊ वेळा.

‘भेटेन’ हा शब्द त्या तरुणाने दिलेला आहे. तो पाळणे आता आपल्या हाती आहे, आणि नऊ महिनेही आपणच मोजायचे आहेत.

भारतमाता की जय!